चिंच आधी की बटाटा आधी?

अण्णांनी 'लेसन्स इन केमिस्ट्री' कट्ट्यावर आपटलं. "वहिनी, घ्या तुमचं पुस्तक. निम्मं होईपर्यंत मजा आली, मग पकलो."

बॉनी गार्मसची ही पहिलीच कादंबरी, २०२२ ची. काळ १९५०-६० चा, जागा कॅलिफोर्निया. एलिझाबेथ झॉट संशोधक. जोडीदार अपघातात जातो, ती लग्नाशिवाय गरोदर, म्हणून संस्था तिला काढते. पुढे ती टीव्हीवर स्वयंपाक करता करता बायकांना केमिस्ट्री शिकवते. घरी कुत्रा. नाव साडेसहा, शेकडो शब्द कळणारा.

"केमिस्ट्री आहे कुठे त्यात?" मास्तर पेटले. "व्हिनेगरला ॲसिटिक ॲसिड म्हटलं की झालं?"

"बंध समजावते की," वहिनी म्हणाल्या. "अणू-रेणू एकमेकांना धरून राहतात ते. आयोनिक, कोव्हॅलंट, हायड्रोजन."

"आणि लगेच नवरा-बायकोची उपमा देऊन मोकळी! अहो, रश्श्यात चिंचेचा कोळ आधी पडला की बटाट्याची फोड टणकच राहते. का? पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात सहज सुटत नाही. म्हणून बटाटा आधी शिजवायचा, कोळ मागनं. सोड्याचं उलट. चिमूटभरानं छोले मऊ होतात, जास्त पडला तर सालं सुटून लगदा, वर साबणासारखी चव. हे सांगितलं असतं तर बघणाऱ्या बायकांच्या हाती काही लागलं असतं."

"कादंबरी आहे मास्तर, प्रॅक्टिकलची वही नाही."

"मग प्रयोगशाळा तरी खरी वाटू द्या. तिचा विषय निर्जीवातून जीव कसा झाला हा. १९५३ मध्ये स्टॅन्ले मिलरचा तो प्रयोग छापून आला. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ बंद काचेत फिरवायची, आठवडाभर ठिणग्या द्यायच्या. ग्लायसीन मिळालं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्यातलं एक अमिनो आम्ल. पण आधी आतली हवा काढावी लागते. सांधा गळून ऑक्सिजन शिरला तर हायड्रोजन आणि ठिणगी... धडाम! ही बाई हातोड्यानं स्वयंपाकघर फोडून लॅब करते, पण लक्षात राहावा असा एक फसलेला प्रयोग नाही."

वहिनी हटेनात. "नोकरीतला जाच तरी खरा आहे ना? गरोदर म्हणून काढणं अमेरिकेत कायद्यानं स्पष्टपणे बंद झालं ते १९७८ मध्ये. तिनं दाद मागायची कुठे?"

हे अण्णांनाही पटलं. "जाच खराच. माझं भांडण शेवटाशी आहे." (ज्यांना वाचायचंय त्यांनी इथे चहा आणायला जावं.) "शेवटी एक गडगंज बाई उगवते, ती निघते मेलेल्या जोडीदाराची आई, आणि झॉटला थेट विभागप्रमुख करते. चारशे पानं स्वतःच्या पायावर उभी, आणि शेवटी पाय सासूचे! त्यात ही झॉट पहिल्या पानापासूनच बरोबर. सुधारायचं ते इतरांनी. मग आयुष्य नव्यानं उभारलं म्हणजे केलं काय?"

"साडेसहाची प्रकरणं मात्र मी परत वाचणार," म्हणत वहिनींनी पुस्तक पिशवीत टाकलं.

त्यावर मास्तरही काही बोलले नाहीत.