अमळनेरच्या तळघरातील गळती : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

भेगेत केमिकल भरूनही पहिल्याच पावसात तळघरात घोटाभर पाणी आलं, केमिकल बोगस आहे आणि वर आम्ही रंगही लावू देत नाही, अशी तुमची तक्रार आहे. फोटो टाकलेत हे बरं झालं, त्यावरून नेमकं बोलता येतं.

गल्लीकडच्या भिंतीतली उभी भेग पीयू इंजेक्शनने (दाबाने आत सोडलेल्या पॉलियुरेथेन केमिकलने) भरली होती. फोटोत ती कोरडी दिसते. पाणी येतंय समोरच्या बाजूने, भिंत आणि फरशी मिळतात त्या सांध्यातून. कोटेशनमध्ये दुसरा भाग होता तो बाहेरून चर खणून निचरा करण्याचा. पेव्हर ब्लॉक उखडायचे नाहीत म्हणून तुम्ही तो थांबवलात. बाहेर पाणी तुंबलेलंच राहिलं, तर एक वाट बुजवल्यावर ते पुढची कच्ची जागा शोधणारच.

पहिल्याच पावसात का, याचं कारण आपली काळी माती. उन्हाळ्यात ती खोल भेगाळते आणि पहिल्या सरींचं पाणी त्या भेगांतून थेट पायापर्यंत उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि भिंतीलगतच्या पोकळ भरावात पाणी अडकतं. तळघराचा खड्डा म्हणजे मग हौदच. एक मीटर उंच पाणी साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला साधारण एक टन दाब येतो. म्हणूनच सगळं आतून सील करून द्या, असं कोणी सांगितलं तरी करू नका; दाबाला वाट उरली नाही की पातळ पीसीसीची (सळ्या नसलेल्या साध्या काँक्रीटची) फरशी उचलली जाऊन तडकते.

रंगाचंही तेच. ओल बाहेरून आत येते आणि रंगाला मागून ढकलते. सोबत आलेले क्षार रंगाखाली फुलतात, लोणा धरतो, पोपडे पडतात. डँपप्रूफ लिहिलेला डबाही याला अपवाद नाही.

आत्ता, पावसाळ्यात, सगळ्यात स्वस्त आणि महत्त्वाचं काम गच्चीच्या पाइपचं. तुमचा पाइप भिंतीच्या बुडाशीच सुटतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 50 मिमी पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी होतं, आणि ते सगळं त्या भरावात जातं. पाइप किमान 3 मीटर लांब न्या. आतून सांध्यालगत 10 सेंमी रुंद नाली काढून कोपऱ्यात दोन फुटी खड्ड्यात सोडा. त्यात फ्लोटवाली (पाणी चढलं की आपोआप चालू होणारी) अर्ध्या एचपीची सबमर्सिबल मोटर बसवा आणि तिच्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. तो नसेल तर मोटर बंद होताच पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं. पावसात वीज जाते, तेव्हा मोटर पेलेल असा इन्व्हर्टर हवा.

आणखी एक बघा : पाऊस नसताना, नळाला पाणी येतं त्याच दिवशी ओल वाढते का? तसं असेल तर दोष नळाच्या लाइनचा आहे. वास येत असेल तर सेप्टिक टाकीवर संशय घ्या.

बाहेरचं काम माती सुकल्यावर, दिवाळीनंतर. चर एकदम सलग खणायचा नाही, 3-3 मीटरच्या तुकड्यांत, बाजूंना आधार देऊन. काळी माती ढासळते आणि माणूस दबतो. पायाच्या तळाखाली खणायचं नाही. भिंत घासून, पोकळ जागा भरून, बुडाशी 50 मिमीचा वाटा मारायचा, म्हणजे कोपरा मसाल्याने गोलसर भरायचा. त्यावर सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा. तळघराच्या फरशीच्या पातळीखाली 110 मिमीचा भोकांचा पीव्हीसी पाइप, भोकं खाली, उतार 100 ला 1. भोवती 20 मिमी खडी आणि सगळ्याला जिओटेक्स्टाइलची (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडाची) गुंडाळी, नाहीतर चिखलाने दोन पावसाळ्यांतच पाइप बुजेल. पाइपचं तोंड सखल जागी, नसेल तर बाहेरच्या खड्ड्यात मोटर. भराव मुरमाचा, 15-20 सेंमीच्या थरांत ठोकून. निघालेली काळी माती परत टाकायची नाही. पेव्हर परत बसवताना उतार भिंतीपासून बाहेर.

भरलेल्या भेगेतून थेंब आला तर गॅरंटीप्रमाणे पुन्हा भरून देऊ, पैसे नाहीत. सांध्याची पाहणीही मोफत करू. त्याआधी एक करा : दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिक भिंतीच्या कोरड्या दिसणाऱ्या भागावर चारही कडांना टेप लावून रात्रभर ठेवा. थेंब भिंतीकडून धरले तर ती झिरप, खोलीकडून धरले तर हवेतला दमटपणा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.