वळण आधी दिसू तरी द्या

गेल्या आठवड्यात पुन्हा एक दुचाकी त्याच वळणावरून खाली गेली. पोरगा वाचला, पाय मोडला. दुसऱ्या दिवशी जो भेटेल त्याच्या तोंडी एकच वाक्य: "वेगात असणार, बघून चालवायला नको का?"

बघून चालवायलाच हवं. पण तिथे बघायला आहे काय? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून रविवारी सकाळी मी आणि माझा एक मित्र त्या रस्त्यावरची सातही वळणं पायी फिरलो. रोज गाडीवरून पाहिलेला रस्ता पायी चालताना ओळखू येत नाही. तिसऱ्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक झाड आहे. कमरेच्या उंचीवर त्याची साल सोललेली. जुन्या जखमा भरून आलेल्या, त्यांच्यावरच नव्या, अजून ओल्या. बुंध्याशी इंडिकेटरच्या केशरी काचांचा चुरा, एका निळ्या मडगार्डचा तुकडा आणि त्याच्याशेजारी दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा लाल तुकडा. यातले किती अपघात नोंदले गेले असतील? माणूस पडतो, उठतो, हँडल सरळ करतो आणि लंगडत घरी जातो. ते कुठल्याच कागदावर येत नाही. कागदावर येतं ते कोणी दवाखान्यात पोचला किंवा जीवानिशी गेला, की मग.

एकाच झाडाला इतकी वेगवेगळी माणसं धडकत असतील, तर ती सगळीच बेफिकीर होती हे मला पटत नाही. दोष त्या जागेतही आहे.

तिसऱ्या वळणाचं असं आहे की पहिली दोन सोपी आहेत. लांब सरळ रस्त्यावरून आलेला माणूस ती दोन्ही वेग न उतरवता सहज घेतो. तिसरं सुरुवातीला अगदी दुसऱ्यासारखंच दिसतं, पण निम्म्यात गेल्यावर ते अचानक आवळत जातं. तोवर गाडी आत शिरलेली असते. वळणात गाडीला धरून ठेवते ती मुख्यतः टायर आणि डांबर यांच्यातली पकड, आणि लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी 40 ऐवजी 60 ने गेलात तर वेग दीडपट, पण पकड लागते सव्वादोन पट. 80 ने गेलात तर चौपट. घाबरून मध्येच ब्रेक दाबला की त्याच पकडीतला वाटा ब्रेकलाही द्यावा लागतो. म्हणून तर अनुभवी माणसंही नेमकी तिथेच बाहेर फेकली जातात.

त्यात आतल्या बाजूला झुडपं माजलीत. ताशी 60 ने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद धरला, तरी ब्रेक लागायच्या आधीच 25 मीटर संपले. आम्ही झुडपांमागचा दिसणारा रस्ता पावलांनी मोजला. तो एवढाही भरला नाही.

आणखी एक गोष्ट वाकून पाहिल्यावरच कळली. मोठ्या गाड्या वळण कापतात, तेव्हा त्यांची मागची चाकं आतल्या साइडपट्टीवरून जातात आणि तिथली खडी ओढून डांबरावर आणतात. दुचाकी झुकते ती बरोबर त्या पट्ट्यात. शिवाय दर वेळी डांबराचा नवा थर चढला, पण साइडपट्टी भरली नाही, त्यामुळे काठाला वीतभर पायरी झालीय. चाक तिथून उतरलं की परत वर येत नाही. चौथ्या आणि पाचव्या वळणाच्या मध्ये रस्त्याचा ढाळ एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो, त्यामुळे मधला तुकडा सपाट राहतो आणि पाऊस थांबल्यावरही तिथे पाणी साचून असतं.

दरवेळी अपघात झाला की दोन मागण्या होतात. गतिरोधक घाला आणि रस्ता रुंद करा. वळणात गतिरोधक घालायला माझा ठाम विरोध आहे. झुकलेल्या दुचाकीचं चाक उंचवट्यावर उडालं की पकडच संपते. वेग उतरवायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. तिथे रम्बलर पट्ट्या, म्हणजे गाडीला हादरे देणारे आडवे जाड पट्टे, चालतील. रुंदीकरणाची फाइल मात्र वर्षानुवर्षं फिरत राहते, आणि रुंद झालेल्या रस्त्यावर माणसं आणखी जोरात जातात.

मला आत्ता हवंय ते साधं आहे. झुडपं तोडा, खडी झाडा, साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणा. काठाला आणि मध्ये ठळक पांढरे पट्टे मारा. आवळणाऱ्या वळणाच्या बाहेरून बाणांच्या पाट्या ओळीने लावा, म्हणजे पुढे रस्ता किती वळतोय हे रात्रीसुद्धा आधीच दिसेल. पाट्या लावल्यावर त्या धुवाही. धुळीने माखलेली पाटी हेडलाइटला उजेड परत देत नाही. कॅट आय, म्हणजे हेडलाइट पडला की चमकणाऱ्या छोट्या खुणा, रस्त्यात बसवा. इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी त्याचं पेटंट 1934 मध्ये घेतलं, इतकी जुनी आणि जगभर वापरलेली गोष्ट आहे ती.

आणि तिसऱ्या वळणावरच्या त्या झाडापुढे क्रॅश बॅरिअर, म्हणजे खांबांवरचा पत्र्याचा कठडा, हवा. त्याच्या खालच्या बाजूलाही पत्रा हवा, कारण घसरत आलेला दुचाकीस्वार पत्र्याखालून जाऊन खांबावर आदळतो. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये 'व्हिजन झिरो' हे रस्ता सुरक्षेचं धोरण स्वीकारलं. त्याचा गाभा हाच की माणूस चुकणार हे धरून रस्ता बांधायचा, चुकीची किंमत जीव असता कामा नये. तो पोरगा वेगात असेलही. तरी त्याचा पाय शाबूत राहायला हवा होता.

संबंधित कार्यालयात मी याआधी दोनदा जाऊन आलोय. दोन्ही वेळा "रुंदीकरणात घेऊ" एवढंच उत्तर मिळालं. गुरुवारी पुन्हा जातोय, या वेळी सातही वळणांचे फोटो आणि हाताने काढलेला नकाशा घेऊन. त्या नकाशावर मला तुमची पडझड हवी आहे. जो कोणी तिथे कधी घसरला असेल, थोडक्यात वाचला असेल, त्याने खाली लिहा: कितवं वळण, चढताना की उतरताना, दिवस होता की रात्र, रस्ता कोरडा होता की ओला. नुसतं खरचटलं असेल तरी लिहा.