अहो, निदान 'अहो' तरी म्हणा!

परवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये नंबर लावून बसलो होतो, तर काउंटरवरच्या मुलीने, असेल बाविसेक वर्षांची, खणखणीत आवाजात विचारलं, "राजेंद्र कोण आहे? राजेंद्र, युरिन दिली का?" अख्खी लॅब माझ्याकडे बघायला लागली. मी छप्पन्न वर्षांचा माणूस, केस जेवढे उरलेत तेवढे पांढरे. पुढे श्री. नको, मागे राव नको, पण निदान त्या वाक्यात तरी आडनाव घ्यायचं ना, आडनावाचा चारचौघांत थोडा आडोसा होतो. आमच्या शेजाऱ्यांच्या कुत्र्याची जनावरांच्या दवाखान्यातली फाईलसुद्धा 'ब्रूनो कुलकर्णी' नावाने आहे, त्याला तिथे पूर्ण नावाने पुकारतात.

ते एक असो. खरी मजा ऑफिसात आहे. आमच्याकडे सगळे फर्स्ट नेमने, जॉइन होतानाच एचआर सांगते की इथे नो सर, नो मॅडम. इंग्रजीत हे मस्त चालतं, कारण तिथे साहेबही 'यू' आणि शिपाईही 'यू'. गोची होते कॅन्टीनमध्ये, मराठीत. माझा टीम लीड माझ्या मुलीपेक्षा लहान, साताऱ्याकडचा, घरचं वळण चांगलं. मीटिंगमध्ये बिनधास्त "राजेंद्र, कॅन यू शेअर द शीट" म्हणतो आणि बाहेर आलं की बिचाऱ्याला घाम फुटतो. नाव घेतलंय म्हणजे आता 'तू' म्हणायला पाहिजे आणि माझं टक्कल बघून तोंडात 'तुम्ही' येतं, त्यामुळे सुरुवातीला तो चक्क "राजेंद्र, तुम्ही जेवलास का?" असं विचारायचा. मग त्याला आपला परंपरागत मराठी मार्ग सापडला, वाक्यातून माणूसच काढून टाकायचा. "जेवण झालं का?" "चहाला जायचं का?" "ते एक्सेल पाठवायचं राहिलंय बहुतेक." असं रिटायर होईपर्यंत बोलता येतं, समोरच्याला काहीही न म्हणता.

आणि ही कला काय आजची नाही. मी स्वतः लग्नानंतर कित्येक वर्षं सासऱ्यांना काहीच म्हणत नव्हतो. बाबा म्हणायला जीभ रेटेना, काका म्हणावं तर बायको म्हणणार माझे वडील काय शेजारी आहेत का. त्यामुळे ते आतल्या खोलीत असले की हाक न मारता जाऊन दारात उभं राहायचं आणि "पानं घेतलीत" असं हवेत जाहीर करायचं. ते मात्र मला न चुकता राजेंद्रराव म्हणायचे, जगात तेवढ्या एकाच घरात मला राव होतं. आमच्या आजीने तर आख्खा संसार "अहो, ऐकलं का" यावर केला, आजोबांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात.

आता सगळ्यांची जागा एकट्या 'सर'ने घेतलीय. आमच्या लहानपणी सर म्हणजे हायस्कूलचे, प्राथमिकला गुरुजी, आणि शिकवायला बाई असतील तर बाई. आता नळ दुरुस्त करायला आलेला मला सर म्हणतो, त्याला काय म्हणावं ते मला कळत नाही म्हणून मीही त्याला सर म्हणतो, आणि दोन सर बेसिनखाली डोकं घालून वॉशर शोधतात. केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या माथूर ग्रामपंचायतीने २०२१ मध्ये ठरावच केला की इथे सर-मॅडम बंद, नावाने नाहीतर पदाने हाक मारा. वाचून बरं वाटलं. आपल्याकडे तलाठ्याला नावाने हाक मारून सातबारा मागून बघा, नातवाच्या हातात पडेल.

२०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी देशातल्या कार्यक्रमांत आपल्याला 'महामहिम' म्हणू नका असं सांगितलं होतं. ते महामहिम काही वाया गेलं नाही, आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर आलं. 'कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, भावी नगरसेवक मा. श्री. चिंट्यादादा', वय तेवीस, गॉगल. आख्ख्या वॉर्डाचा मान तो एकटाच घेऊन बसलाय, आम्हाला राजेंद्रच उरणार.

सध्या पुतण्याच्या लग्नपत्रिकेचं काम माझ्या गळ्यात आहे. यादीत थोरल्या काकू आहेत, काका जाऊन बरीच वर्षं झाली, तर कुणीतरी जुन्या सवयीने त्यांच्या नावापुढे गं. भा. लिहिलं. काकूंनी माझ्या हातातलं पेन घेऊन ते स्वतः खोडलं. बरोबरच केलं. एप्रिल २०२३ मध्ये राज्याचे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी हेच गंगा भागीरथी वापरण्याचा विषय काढला होता, केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? नवरा व्हायचाय, आहे का गेला, हे पोस्टमनलाही कळावं म्हणून बाईला कु., सौ., गं. भा. अशी तीन खाती, आणि पुरुष मिसरूड फुटल्यापासून श्री., तो थेट कै. होईपर्यंत. असला मान गेला तर जाऊ दे, मी नाही रडणार.

पण मग होणारी सूनबाई म्हणाली की काका, चि. सौ. कां. पण नको, कुणालाच काही नको, सगळ्यांची नुसती नावं टाकू. यावर घरातली सगळी वडीलधारी मंडळी पेटली, आणि एक मावसभाऊ तर म्हणाला की माझ्यापुढे श्री. नसलं तरी चालेल पण 'इंजि.' पाहिजे. डिप्लोमा आहे, इलेक्ट्रिकल. शेवटी तोडगा म्हणून दोन पत्रिका छापल्यात, एक मानाची आणि एक बिनमानाची. दोन्ही गठ्ठे माझ्याकडे आलेत, पाकिटं भरायचीत, आणि कुणाला कुठली द्यायची हेही मीच ठरवायचंय. मावसभावाला कुठलीही दिली तरी त्याचा फोन येणारच आहे, कारण दोन्हीत 'इंजि.' टाकायचं राहून गेलंय.