अण्णांच्या वडिलांचा वृद्धापकाळ

आयुर्विमा कंपन्यांना जनुक चाचणीचे रिपोर्ट वापरायला बंदी घालायचं ऑस्ट्रेलियानं ठरवलं, ही बातमी पम्यानं मोबाइलवर मोठ्यानं वाचली आणि वर स्वतःच निकाल दिला, "धंदा बसला म्हणून समजा." पम्या विमा एजंट. गेली एकतीस वर्षं तो आमच्या सगळ्यांच्या मरणाचा हिशेब बगलेत मारून फिरतोय, त्यामुळे त्याचं दुःख कट्ट्यावर कुणी मनावर घेत नाही.

"बसायला काय झालं?" शालू म्हणाली. "आयुर्विम्यासाठी जनुक चाचणीचा रिपोर्ट मागायचा नाही, एवढंच ना?"

"एवढंच? अगं, विमा उभा कशावर आहे? परम सद्भावावर! तुला जे माहीत ते कंपनीला माहीत हवं. जोखीम तसा हप्ता." हे शेवटचं वाक्य पम्या दर पाच मिनिटांनी म्हणतो, बेचे पाढे म्हणावेत तसं, डोळे मिटून. "समज, एकाला चाचणीत हंटिंग्टन निघाला, तो मेंदू हळूहळू पोखरणारा आनुवंशिक आजार. तो गुपचूप येणार, भली मोठी पॉलिसी घेणार आणि लवकर जाणार. भरणार कोण? तुम्ही! असे दहा आले की हप्ता वाढतो. हप्ता वाढला की धडधाकट गिऱ्हाईक पळतं. मग तो आणखी वाढतो. शेवटी उरतात नुसते आजारी."

मुद्दा खरा आहे. पम्याच्या तोंडून आला म्हणून तो खोटा ठरत नाही, हे मला लिहून ठेवलंच पाहिजे.

"म्हणून तर ब्रिटननं फट ठेवलीय," वकील म्हणाला. "तिथं आजार होण्याआधी केलेल्या चाचण्यांपैकी फक्त हंटिंग्टनचा रिपोर्ट मागता येतो. तोही आयुर्विमा ५ लाख पौंडांच्या वर असेल तरच. कॅनडा याच्या उलट. २०१७ पासून तिथं रिपोर्टची अट घालणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. २०२० मध्ये तो कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला, पण ५ विरुद्ध ४ असा. आणि अमेरिकेचा २००८ चा कायदा म्हणजे तोकडं पांघरूण. आरोग्य विमा आणि नोकरी झाकली, आयुर्विम्याचे पाय उघडेच." वकिलाला एकदा सुरू केलं की पुढची तारीख पडेपर्यंत तो थांबत नाही.

"आणि आपल्याकडे?" मी विचारलं.

"आपल्याकडे विम्यातल्या जनुक चाचणीवर वेगळा कायदाच नाही. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका हृदयरोग्याच्या बाजूनं निकाल दिला. 'आनुवंशिक आजार वगळले' असं सरसकट कलम घालून दावा फेटाळणं म्हणजे भेदभाव, असं म्हटलं. पुढच्याच महिन्यात विमा नियामकानं कंपन्यांना तसे दावे नाकारू नका म्हणून बजावलं. पण ते मेडिक्लेमचं. आयुर्विम्याच्या फॉर्मवर काय विचारायचं, तो प्रश्न राहिलाच."

शालूनं बावीस वर्षं लॅबमध्ये रक्त काढलंय. ती इतका वेळ गप्प होती, आणि ती गप्प असली की आम्ही जरा सावरून बसतो.

"एक बाई आल्या होत्या," ती म्हणाली. "आई स्तनाच्या कर्करोगानं गेलेली, मावशीही. यांची बीआरसीए, म्हणजे त्या कर्करोगाच्या जनुकाची चाचणी, करायची होती. बाही वर केलेली, मी रबरी पट्टा बांधलेला, शीर सापडलेली. आणि विचारतात, 'हे पुढं विम्याला सांगावं लागतं का हो?' मी म्हटलं, मला नाही माहीत. त्यांनी स्वतःच पट्टा सोडला, बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं आणि निघून गेल्या. परत आल्या नाहीत."

कुणी काही बोललं नाही. शालूच पम्याकडे वळली.

"त्या जनुकात दोष निघाला असता तर नियमित तपासणी झाली असती, वेळेत सापडलं असतं, बाई जगल्या असत्या आणि तुझे हप्तेही भरत राहिल्या असत्या. तुझ्या नियमाप्रमाणे जी तपासून घेते तिला दंड आणि जी डोळे झाकून बसते तिला सूट. हा कसला रे सद्भाव?"

पम्या हार मानणाऱ्यातला नाही. त्यानं लगेच योजना काढली. "मग सक्ती नको. ज्याचा रिपोर्ट चांगला त्यानं आपखुशीनं दाखवावा, त्याला हप्त्यात सूट. झालं?"

"झालं! वर्गात सगळ्यांनी आपखुशीनं प्रगतिपुस्तक दाखवायचं. जो दाखवणार नाही तो नापास, हे मास्तरांना न सांगता कळतं. तू तर पुस्तक आणायलाच विसरायचास."

"ते एकदाच!" पम्या ओरडला. तीनदा. मी त्याच्याच बाकावर होतो.

"आणि रिपोर्ट काय एकट्याचा असतो?" शालू थांबायला तयार नव्हती. "हंटिंग्टन आईबापांतल्या एकाला असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. एका भावानं रिपोर्ट दाखवला की दुसऱ्याची फाइलही उघडली. त्या दुसऱ्याला स्वतःबद्दल जाणूनच घ्यायचं नसेल तर? तोही हक्कच आहे."

इथं वकिलानं एक शंका काढली, आणि ती मला अजून सुटलेली नाही. "रिपोर्ट बंद केलात, ठीक. पण फॉर्मवर 'वडील हयात आहेत का, नसल्यास मृत्यूचं वय व कारण' हे विचारतातच की. ती जनुक चाचणीच झाली, फक्त ढोबळ. मग बारीक चाळणीला बंदी आणि जाड चाळणी चालू, हे कसं?"

"पम्याच्या टकलाला कुठं चाचणी लागली?" शालू म्हणाली. "वडिलांचा फोटो पुरला."

पम्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "हसा. पण जाड असली तरी ती चाळणी लागतेच. लोकांनी खरं सांगितलंच पाहिजे. जोखीम तसा..."

"पम्या," अण्णा म्हणाले.

अण्णा आमच्यात सगळ्यात मोठे, एकाहत्तरचे. इतका वेळ त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. "तू माझी पहिली पॉलिसी काढलीस तेव्हा फॉर्म कुणी भरला होता?"

"मीच. का?"

"माझे वडील बावन्नाव्या वर्षी हार्ट ॲटॅकनं गेले, असं मी तुला सांगितलं होतं. तू काय लिहिलंस?"

पम्या मोबाइल बघायला लागला.

"मी सांगतो. 'वृद्धापकाळ.' बावन्नाव्या वर्षी! म्हटलास, अण्णा, खरं लिहिलं तर लोडिंग म्हणजे जादा हप्ता लागेल, तुम्ही फक्त सही करा."

वकिलाला इतकं हसू आलं की त्याला बोलताच येईना. "पॉलिसीला तीन वर्षं कधीच उलटली, अण्णा. विमा कायद्याचं कलम ४५. आता ती पॉलिसी कुणी उकरू शकत नाही. पम्या सुटला!"

"मी कुठं उकरतोय? मी बापापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठा झालोय," अण्णा म्हणाले. "परवाच स्ट्रेस टेस्ट केली, घोड्यासारखा आहे. यानं तेव्हा खरं लिहिलं असतं तर एकतीस वर्षं फुकट जादा हप्ता भरला असता मी."

"बघा! म्हणजे मी..." पम्याचा चेहरा आधी उजळला आणि मग एकदम पडला. "अहो अण्णा, त्या जादा हप्त्यावर मला कमिशनही जादा मिळालं असतं की!"

तो मनातल्या मनात एकतीस वर्षांचा हिशेब करायला लागला. आम्ही उठलो तेव्हाही बोटं मोजतच होता.