‘कॅट काढा, शंभर घोडे वाढवा’: झेड४ एम४०आय घेतलेल्यांनी आधी हे वाचा

बीएमडब्ल्यू झेड४ एम४०आय आणि टोयोटा सुप्रा, दोन्हींत तेच तीन लिटरचं बी५८ इंजिन. त्याच्या नावाने एक मेसेज फिरतोय: कॅट (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून स्ट्रेट पाइप टाका, ‘स्टेज २’ मॅप (इंजिनाच्या कंप्युटरमधलं बदललेलं सॉफ्टवेअर) भरा, एक्सपी१०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) ओता, ३४० चे ४४० घोडे (हॉर्सपॉवर) होतात, इंजिनाला काही होत नाही, आणि सर्व्हिसला जाताना मूळ मॅप टाकला की कुणाला पत्ता लागत नाही. यात थोडं थोडं खरं आहे, म्हणूनच तो खपतो.

‘सायलेन्सर मोकळा झाला की ताकद आपोआप वाढते.’ मागचा सायलेन्सर बदलून वाढतो तो मुख्यतः आवाज. टर्बो इंजिनात मोठा अडथळा टर्बाइनला (एक्झॉस्टने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाला) लागूनच, डाउनपाइपमधल्या (टर्बोनंतरच्या पहिल्या पाइपमधल्या) कॅटमध्ये असतो. तो कमी झाला की टर्बाइनच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक वाढतो आणि टर्बो लवकर भरतो. पण या गाडीचा कंप्युटर टॉर्कच्या हिशोबाने चालतो: पेडल एवढं दाबलं, म्हणजे हवा एवढी हवी. तेवढी आधीच मिळाली तर तो वेस्टगेटची झडप जास्त उघडतो आणि जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. मॅप तोच ठेवला तर पिकअप जरा लवकर येतो, कमाल आकडा जवळपास तिथेच. उलट नुसत्या मॅपने, चांगल्या पेट्रोलवर, ५०-६० हॉर्सपॉवर मिळू शकते. पैसे घालायचेच तर आधी मॅप, मग पाइप.

फिटिंगची चूकही इथेच होते. पाइप जोडणारा व्ही-बँड क्लॅम्प वाकडा बसला किंवा जुनंच गॅस्केट परत लावलं, की फटीतून बाहेरची हवा आत येते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं, कंप्युटर पेट्रोल वाढवतो, प्लग काळे पडतात आणि खापर मॅपवर फुटतं. इंजिन थंड असताना स्मोक टेस्ट केली की धूर कुठून येतो ते दिसतं.

४४० चा आकडा सांगणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: चाकावर मोजला की हिशोबाने क्रँकवर (इंजिनाच्या दांड्यावर) नेला, करेक्शन (हवामानासाठीची दुरुस्ती) कोणतं लावलं, आणि डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) कितवा रन? बी५८ चा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा भाग) पाण्याचा आहे आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. ते पाणी तापलं की हवा गार होत नाही. पहिला रन झकास, तिसऱ्याला कंप्युटर टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे खेचतो आणि ताकद घटते. मे महिन्यात रस्त्यावर भेटते ती तिसऱ्या रनची गाडी.

‘एक्सपी१०० आहे ना, मग कसली चिंता?’ मॅप ज्या पेट्रोलसाठी लिहिला, तेच टाकीत असेल तर. टाकीत ९५ चं २० लिटर उरलेलं आणि वर १०० चं ३२ लिटर भरलं, तर मिश्रण साधारण ९८ चं होतं. शिवाय १०० प्रत्येक पंपावर मिळत नाही. याहून मोठा घोळ आयात मॅपचा. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धतींची सरासरी असतो, आपल्याकडचा नुसता आरओएन. तिथलं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५-९६. ‘९१ चा मॅप’ म्हणून तो ९१ आरओएनच्या पेट्रोलवर चालवलात तर नॉकिंग (मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपोआप भडकणं) ठरलेलं.

नॉकिंग कानाला ऐकू येईलच असं नाही, म्हणून लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घ्या. डायनोवर चौथा गिअर, २,५०० ते ६,५०० आरपीएम, पूर्ण थ्रॉटल. प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग करेक्शन पाहा: एखाद्याला उणे १ अंश आला तर घाबरू नका, उणे ३ वारंवार दिसला तर मॅप खाली आणा. वरच्या आरपीएमला रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणारा पेट्रोलचा दाब) मागणीपेक्षा खाली घसरत असेल तर हाय-प्रेशर पंप दमलाय. तिथे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवणं म्हणजे मिश्रण पातळ करणं. झटके येत असतील तर आधी प्लग काढा. जास्त बूस्टला प्लगच्या टोकांमधल्या मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते. ट्यून केलेल्या गाडीत गॅप ०.५५ ते ०.६ मिमी ठेवतात.

‘पॉप-बँग वाजले म्हणजे ट्यून जमलं.’ नाही. पेडल सोडल्यावर बंद व्हायचं पेट्रोल मुद्दाम चालू ठेवलंय आणि ठिणगी उशिरा टाकलीय, एवढाच त्याचा अर्थ. ते जळतं एक्झॉस्टमध्ये. चटका टर्बाइनला आणि कॅट असेल तर त्यालाही. कॅटचा आतला जाळीदार गाभा वितळला की पाइप चोंदतो.

कॅट काढल्यावर पी०४२० हा (कॅट नीट काम करत नसल्याचा) एरर कोड येतो. मॅपमधून तो लपवता येतो, कायदा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. आवाज आणि धुरासाठी कलम १९०(२): १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्सवर गदा. २०० सेलचा (मोठ्या छिद्रांचा, कमी अडवणारा) स्पोर्ट्स कॅट धूर कमी करतो, पण बदल तो बदलच. पुण्यात जप्त सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवलाय. ते बुलेटचे होते एवढंच.

राहिली वॉरंटी. मूळ मॅप परत टाकला तरी प्रोग्रॅमिंग किती वेळा झालं याची नोंद कंट्रोल युनिटमध्ये उरते. उडालेला टर्बो घेऊन दारात उभे राहिलात की ती उघडून पाहिली जाऊ शकते.