दोन नंबर थंड

भाच्याकडे ट्रक आहे, हे वाक्य नौपाड्यात बोलायची सोय नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगा ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पडला. मलाही तेच वाटलं होतं. इंजिनिअर झालेला मुलगा टेक्सासला जाऊन ट्रक चालवतो म्हटल्यावर ताईला धीर कसा द्यायचा, याची मी दोन दिवस तयारी करत होतो. मग फोटो आला. पुढे पाच माणसं ऐसपैस बसतील आणि मागे उघडा हौदा, अशी भलीथोरली मोटार. तिला तिकडे ट्रक म्हणतात, आणि ती घेऊन हा अर्धा किलो द्राक्षं आणायला जातो.

त्या ट्रकला आठ सिलिंडर, ठिणगी टाकणारे आठ प्लग आणि वर सुपरचार्जर. घोडबंदर रोडवरून रात्रभर खिडक्या हादरवत जाणाऱ्या आपल्या डिझेलच्या ट्रकांना प्लगच नसतो. दाबलेल्या हवेच्या गरमीनंच डिझेल पेटतं. हे ज्ञान मी त्याला मोठ्या ऐटीत दिलं. तो म्हणाला, "मामा, माझा पेट्रोलवर चालतो रे."

माझ्याकडे १९९९ ची टू-स्ट्रोक स्कूटर आहे. प्लग एक. आरटीओत नोंदणी वाढवून वाढवून आम्ही दोघं इथवर आलोय. मागच्या महिन्यात ती मिसिंग मारायला, म्हणजे चालता चालता गचके खायला लागली आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मी ते बोलून बसलो. भाच्यानं तीन शनिवार-रविवार खर्चून नुकतेच आपल्या ट्रकचे प्लग निवडले होते. ते ज्ञान ऐकवायला त्याला कुणीतरी हवंच होतं.

"सुपरचार्जर म्हणजे इंजिननंच फिरवलेला पंप, मामा. सिलिंडरमध्ये हवा कोंबतो. कोंबलेल्या हवेतून ठिणगीला उडी मारता येत नाही." हे मला लगेच पटलं. सकाळच्या लोकलमध्ये या दारातून शिरून त्या दाराला पोचायचं म्हणजे काय, हे ठाणेकराला वेगळं शिकवावं लागत नाही. म्हणून दोन टोकांमधलं अंतर, म्हणजे गॅप, कमी करायची. त्यानं पस्तीस थाऊ ठेवली होती. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पस्तीस म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर.

मग प्लगची प्रकृती. प्लग थंड असतो किंवा गरम असतो. हात लावून कळत नाही. थंड प्लग आपली उष्णता पटकन हेडला, म्हणजे तो जिथे बसतो त्या इंजिनच्या झाकणाला देऊन मोकळा होतो. गरम प्लग धरून बसतो. सुपरचार्जरच्या भट्टीत गरम प्लग घातला तर त्याचं टोक लालबुंद होतं आणि ठिणगी पडायच्या आतच पेट्रोल पेटतं. "म्हणून दोन नंबर थंड घे, मामा. थंड घेतलेला कधीही बरा."

माझ्या स्कूटरला सुपरचार्जर नाही, ही किरकोळ बाब त्या उत्साहात दोघांच्याही लक्षात आली नाही.

स्टेशनजवळच्या स्पेअर पार्टवाल्याला मी म्हटलं, "थंड प्लग आहे का?"

त्यानं मला आपादमस्तक पाहिलं. "काका, थंड हवं असेल तर रसवंती पलीकडे आहे."

नंबरांचा घोळ तर विचारूच नका. एनजीके कंपनीच्या प्लगवर आकडा चढला की प्लग थंड होत जातो. बॉशच्या हल्लीच्या आकड्यांत मात्र तो चढला की प्लग गरम. म्हणजे एकाच काउंटरवर दोन डबे, आणि एकाचा नऊ दुसऱ्याच्या नऊशी बोलत नाही. (इरिडियम धातूच्या टोकाच्या प्लगची किंमतही विचारली. मग स्टूल मागितलं.) शेवटी सात नंबरच्या जागी नऊ नंबरचा साधा एनजीके घेतला आणि सोबत फीलर गेज, म्हणजे पातळ पात्यांचा जुडगा.

गॅप लावायला मी गॅलरीत बसलो. मधल्या दांडीला धक्का लावायचा नसतो, वरचा वाकडा हात तेवढा हळूच वाकवायचा. ०.६ ची गॅप ०.४ वर आणायची, म्हणजे दोन दशांश मिलिमीटरचा मामला. बायको टॉर्च धरून उभी होती. "अहो, सुईत दोरा ओवायला सांगितला की चष्मा सापडत नाही म्हणता." मी उत्तर दिलं नाही. श्वास रोखून धरलेला माणूस उत्तर देत नाही.

स्कूटर चौदाव्या किकला सुरू झाली. संध्याकाळी गोखले रोडवर, ऐन गर्दीत, खोकली आणि बंद पडली. १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तिला एकही प्लग नव्हता, तरी पोचली. मी नौपाड्याहून तलावपाळीला पोचलो नाही. येणारे-जाणारे "काका, पेट्रोल आहे का बघा", "काका, आडवी करून मारा" असं सांगत होते. आडवी केली. एका पाणीपुरीवाल्यानं गाडा दोन फूट सरकवून घेतला.

ढकलत गल्लीतल्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं प्लग पाना लावला, प्लग काढला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरला. काळाकुट्ट, ऑइलनं ओला.

"हा कुणी सांगितला?"

"भाच्यानं. त्याचा अमेरिकेत ट्रक आहे."

"मग त्याच्या ट्रकला लावा." आणि मग जरा मवाळपणे, "काका, प्लग साडेचारशे डिग्रीच्या वर तापला तरच स्वतःचा कार्बन स्वतः जाळतो. तुम्ही वीसच्या स्पीडनं चालवता, वर टू-स्ट्रोकचं ऑइल. त्यात हा थंड. तापणार कधी?"

त्यानं डब्यातून सात नंबरचा प्लग काढला, खिळ्याला लटकवलेलं हॅक्सॉचं ब्लेड घेतलं, प्लगच्या फटीत सरकवलं, पान्यानं वरून टुक केलं, ब्लेड ओढून पाहिलं आणि प्लग बसवला. सगळं मिळून अर्धा मिनिट. पहिल्या किकला सुरू. घरी येऊन तसल्याच ब्लेडची जाडी मी माझ्या जुडग्यानं मोजली. ०.६ चं पातं बरोबर जुळलं. जुडगा आता कपाटात आहे.

भाच्याला ब्लेडचा फोटो पाठवला: "आमच्याकडे गॅप यानं लावतात."

त्याचा लगेच मेसेज, "कितीचं आहे, मामा?"

मी मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "बारा इंची."

तसं कळवलं. त्यानंतर भाच्याचा मेसेज नाही.