आकडा सांभाळा, छातीचं नंतर बघू

सगळ्यात आधी मोबाइलमधलं ते हवा किती खराब हे सांगणारं अ‍ॅप काढून टाका. सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला, पुढच्या रिक्षाचा धूर तोंडावर घेत तुम्ही ते उघडता. समजा आकडा दिसला ९५, रंग हिरवट, शेरा ‘समाधानकारक’. नेमका त्याच वेळी तुम्हाला ठसका लागतो. आता चूक कोणाची? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ‘समाधानकारक’च्या पुढं आधीच लिहून ठेवलंय की संवेदनशील लोकांना श्वास घ्यायला किंचित त्रास होऊ शकतो. तुम्ही संवेदनशील निघालात, त्याला मंडळ काय करणार? शंभराच्या पुढं दोनशेपर्यंत हवा ‘मध्यम’ असते. तिथं दमेकरी आणि हृदयरोगी यांना त्रास होणार हे गृहीतच धरलंय. ठरल्याप्रमाणे घडलेल्या गोष्टीची तक्रार करू नये.

तरीही आकडे बघायची खोड जात नसेल तर सरासरीवर श्रद्धा ठेवा. धूलिकणांचा आकडा म्हणजे चोवीस तासांची सरासरी. पहाटे साडेपाचला कोपऱ्यावरच्या पालापाचोळ्याला कोणीतरी काडी लावतं. त्यात दुधाच्या पिशव्या असतात, एखादी तुटकी चप्पल असते, आणि तुम्ही कंबर तलावाकडं फिरायला निघालेले असता. तब्येतीसाठी. दुपारी दोनला उन्हानं तापलेली हवा वर उचलली जाते, धूर पांगतो, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दोन्हीची सरासरी काढली की पहाट एकदम सुसह्य होते. तुम्ही सगळा श्वास पहाटेच घेऊन टाकलात, दुपारसाठी थोडा शिल्लक ठेवायला हवा होता.

कचरा जाळायचाच असेल तर हिवाळ्यातली पहाट सोडू नका. तेव्हा जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळं धूर वर जात नाही, गल्लीतच फिरत राहतो. एका काडीत सगळ्या आळीला वाटणी. कोणी हटकलंच तर म्हणावं, ‘थंडी वाजलालीय बे, शेकलालोय.’

काही ठिकाणी हवा अजून हातानं मोजतात. यंत्र हवा ओढतं, गाळणकागदावर धूळ बसते, कागदाचं आधी आणि नंतर वजन करतात. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४. उरलेले २६१ दिवस बिनमोजणीचे. जे काय फोडणी, फटाके, डांबर उकळणं असेल ते त्या दिवसांत उरकून घ्यावं.

मर्यादेबद्दल मात्र अभिमान बाळगा. अडीच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतल्या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपली २००९ सालची मर्यादा आहे ४०. म्हणजे आपली छाती आठपट दणकट, हे सरकारी कागदावर आहे. त्यातून आपण सोलापूरकर. कडक भाकरी शेंगाचटणीशी कुडुमकुडुम खाणाऱ्या माणसाला पाच मायक्रोग्रॅमची भीती घालणं म्हणजे अपमानच.

अशा सैल मर्यादाही पाळल्या जाईनात, तेव्हा २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आपलं नाव लागलं. काही लोकांना याची लाज वाटते. अहो, यादीत नाव आलं की निधी येतो, निधी आला की रस्ते झाडणारं यंत्र येतं, पाणी शिंपडणारा टँकर येतो, आणि टँकर आला की फोटो येतो. नळाच्या पाण्यासाठी चार-चार दिवस वाट बघणाऱ्या शहरात दुभाजकाला अंघोळ मिळते, हे वैभव बघायला शिका. टँकर कुठून सुरू करायचा असा प्रश्न पडलाच तर मोजणी यंत्राच्या आसपासचे रस्ते आधी भिजवावेत. आजारी माणसाच्या कपाळापेक्षा थर्मामीटरवर पाण्याची पट्टी ठेवली तर ताप लवकर उतरतो.

या कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः दहा मायक्रॉनच्या आतल्या कणांवरून जोखतात, आणि रस्त्याची धूळ त्यातच येते. मोठे कण बरेचसे नाकात, घशात, श्वासनळ्यांत अडकतात. अडीच मायक्रॉनच्या आतले थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात, आणि मग दम्याबरोबर हृदयविकार नि पक्षाघातही रांगेत येऊन उभे राहतात. हे कण मुख्यतः जळण्यातून येतात: डिझेल, कोळसा, लाकूड, कचरा. ते टँकरच्या फवाऱ्याला दाद देत नाहीत, म्हणून त्यांचं नाव जरा हळू घ्यावं. तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवर जाणाऱ्या भगिनींनाही हे सांगू नये. ओढणीतून ते आरपार जातात, पण ऊन तरी अडतं.

धुराड्यांविरुद्ध काहीच होत नाही असं म्हणणाऱ्यांना २०२३ च्या जूनची आठवण करून द्या. होटगी रस्त्यावरच्या साखर कारखान्याचं उंच धुराडं सगळ्या गावादेखत पाडलं. ते विमानाला आडवं येत होतं. तेव्हा तुमच्या शेजारच्या धुराड्याचा त्रास होत असेल तर छातीचा एक्स-रे जोडून अर्ज करण्यात वेळ घालवू नका, आधी धावपट्टी मागा.

आता थोडं कामगार वस्तीबद्दल. हवा मोजणारी ही सगळी यंत्रं मोकळ्या हवेत, जमिनीपासून तीन ते दहा मीटर उंचीवर बसवायची असा नियम आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, दार लोटून बारा-बारा तास माग चालवणारा माणूस या हिशेबात येत नाही. सुताचे तंतू तिथं भुवयांवर साचतात, पापण्यांवर साचतात, आत कुठं साचतात ते दिसत नाही. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या आजाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे: सुट्टी संपवून कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढं आठवडाभर हळूहळू बरं वाटतं. मालकांनी यावरून योग्य तो बोध घ्यावा. आजार सुट्टीमुळं होतो, सुट्टीच देऊ नये. चादर जगभर जाते, टॉवेल जगभर जातो, खोकला मात्र अक्कलकोट रोडच्या पुढं जात नाही. त्याची निर्यात होत नाही म्हणून त्याची नोंदही नाही.

विडी वळणाऱ्या बायकांचं तर आणखी सोपं आहे. तंबाखूची भुकटी घरातच, मांडीवर सूप, शेजारी पाळणा, पलीकडं चूल. घर म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळं तिथं कारखान्याची हवा नाही. घर म्हणजे चौकही नव्हे, त्यामुळं शहराचीही नाही. ती हवा कोणाचीच नाही, फक्त ती बाई तेवढी श्वासात घेते. डॉक्टर तिला सांगतात, धुळीपासून लांब राहा. तिनं मान डोलवावी, गोळ्या घ्याव्यात आणि हजार विड्यांचा हिशेब पुरा करावा.

सगळ्यात महत्त्वाची सूचना शेवटी देतो, कारण एवढी पाळली तरी बाकीच्या विसरल्या तरी चालतील. हवेची फाइल आणि दवाखान्याची फाइल कधीही एका टेबलावर येऊ देऊ नका. हवेचे आकडे मंडळाकडं असू द्यात, सिव्हिलच्या छातीच्या ओपीडीची रजिस्टरं सिव्हिलमध्ये, मृत्यूची नोंद महापालिकेत. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं लिहिलं की कोणाला काही विचारायचं राहत नाही. लंडनमध्ये २०२० च्या डिसेंबरात नऊ वर्षांच्या एका दमेकरी मुलीच्या मृत्यूच्या कारणांत ‘हवेचं प्रदूषण’ असं रीतसर लिहिलं गेलं. मुलगी गेली होती २०१३ मध्ये. आई सात वर्षं मागं लागली तेव्हा कुठं दोन कागद शेजारी आले. इतक्या चिकट आया आपल्याकडं निघू नयेत म्हणून आपल्या सरकारनं संसदेत वेळोवेळी एक वाक्य देऊन ठेवलंय: केवळ हवेच्या प्रदूषणामुळंच मृत्यू झाला असा थेट संबंध सिद्ध करणारी निर्णायक आकडेवारी नाही. पाठ करून ठेवा. आकडेवारी नाही म्हणून संबंध नाही, आणि संबंध नाही तर आकडेवारी गोळा कशाला करायची?

धोका फक्त एकच आहे. शाळेतली एखादी आगाऊ पोरगी विज्ञान प्रदर्शनासाठी महिन्यामहिन्याची धूळ आणि महिन्यामहिन्याचे दम्याचे पेशंट एकाच आलेखावर काढून आणेल, आणि दोन्ही रेषा थंडीत हातात हात घालून वर चढताना दिसतील. तिला रागावू नका. पहिला नंबर द्या, ढाल द्या, पालकांना स्टेजवर बोलवा, आणि पुढच्या वर्षीसाठी ‘ज्वालामुखी’ हा विषय सुचवा.